सुईचा व्हॉल्व्ह

सेकंदाला दोन थेंब, वायरेमू सांगून गेला होता,
फार तर तीन. त्याहून जास्त काढलंस
तर तू गाळत नाहीयेस, नुसतं पाणी तापवतोयस.

जुलै. रिव्हर्टनला कुंपणाच्या तारांवर हिम.
शेडमध्ये पंचवीस लिटरची टाकी, तिच्यावर
माझ्या छातीएवढा उंच नळकांडा,
आत तांब्याच्या जाळीचे बोळे, मीच कोंबलेले,
घट्ट नाहीत, सैल नाहीत,
उशी भरावी तसे.

इथे घरी गाळायला कायद्याची आडकाठी नाही.
विकायचं मात्र नाही.
आणि पहिला तासभर काही घ्यायचंही नाही.
वाफ चढते, वर थंड नळीला टेकते,
घाम होऊन जाळीतून परत उतरते,
चढणारीला वाटेत गाठून
तिच्यातलं पाणी आपल्याकडे घेते,
स्वतःतलं हलकं तिच्या ओटीत टाकते.
असं किती वेळा, मोजलेलं नाही कुणी.

चाळीस वर्षं मी दुधाचा टँकर चालवला.
भरा, मोजा, सही, पुढचा गोठा.
आलेलं परत खाली सोडणं या हातांना ठाऊक नव्हतं.
पहिल्या खेपेला अर्धा आटा उघडला,
धार पेन्सिलीएवढी, मी खूश.
काटा अठ्ठ्याहत्तरावरून ब्याऐंशीवर
आणि बरणीला ओल्या पुठ्ठ्याचा वास.
वायरेमूने हुंगलं,
न बोलता शेडमागच्या गोर्सवर ओतून आला.

मंगळवारी ब्रॉनविन आली, ब्रिस्बेनहून.
तिची बॅग उचलली तर हलकी लागली.
विचारलं, किती दिवस आहेस?
ती म्हणाली, चहा आहे का?
तरी मी विचारत राहिलो. बुधवारी, गुरुवारी.
जेवताना, गाडीत, तिच्या बंद दाराबाहेरून.

आज रात्री अडीच. पहिलं तीव्र फेकून झालं,
तिसरी बरणी चालू.
काटा अठ्ठ्याहत्तर पूर्णांक दोनवर
अर्धा तास खिळलेला.
मग हलला. तीन. पाच. आठ.
होसपाइप चाचपला, पाणी मंदावलेलं.
पावसाच्या पाण्याची टाकी एकच, पंप एकच,
घरात कुणी नळ सोडला की शेडला कमी पडतं.

घरात एकच माणूस.
न्हाणीघराची खिडकी पिवळी.
दात घासायला एवढं पाणी लागत नाही.
तिची आईसुद्धा असाच नळ सोडून उभी राहायची,
मला वाटायचं, भांडी.

दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला.
परत आलो.
हीटर उतरवला, व्हॉल्व्ह मिटला, पुरता.
चढू दे, उतरू दे, आपलं आपल्यात.
क्रेट उलटा टाकून बसलो.
वीस मिनिटं मी एक थेंबही मागितला नाही
आणि ते सोपं नव्हतं.

मग पाइप हातात थरथरला,
पाणी भरून आलं. काटा
खाली आला, अठ्ठ्याहत्तरावर टेकला.
खिडकी काळी झाली.

थोड्या वेळाने गवतावर हिम चुरचुरलं.
दारात ती, माझं टँकरवरचं जॅकेट घालून,
नाक लाल.
अजून जागा?
याला एकट्याला सोडून जाता येत नाही, म्हटलं.
ती दुसऱ्या क्रेटवर बसली, गुडघे जवळ घेऊन.
काही येतच नाहीये की यातून.
येईल.

केसाएवढा उघडला.
एक थेंब.
दुसऱ्याने बराच वेळ घेतला.
बरणीकडे बघत ती म्हणाली,
घर त्याच्याच नावावर होतं, बाबा.

मी काट्यावरची नजर हलवली नाही.
पंप एकदा खाकरला.
आणि गाडीसुद्धा, ती म्हणाली.

चौथी बरणी पुसून मी नळीखाली सरकवली.